लाटेवरचे स्वार आणि मतपेटी

घरांतील एखादा मुलगा पहांटे उठून पोहावयास गेला आणि जेवणाचीं पानें वाढीपर्यंत परतला नाहीं, म्हणजे त्याच्या नांवापुढें 'उनाड' हें विशेषण लागलेंच म्हणून समजावें. आजोबा पंचांगांतून डोकें वर काढून सुस्कारा टाकतात, काका परीक्षेचे गुण विचारतात, आणि आई कोरडा पंचा पुढें करतां करतां त्याची बाजू घेते. खेळ हा शरीराच्या आरोग्यापुरता असावा, त्यानें माणसाचें आयुष्य व्यापूं नये, हें आपल्या घरांतील जुनें मत आहे. ज्याचें आयुष्य खेळानें व्यापलें त्याच्या हातून सार्वजनिक हिताचें कांहीं काम होईल, ही आशा तर आपण सहसा धरीतच नाहीं.

हें मत कितपत खरें आहे तें पाहण्यासाठीं जगांतील एका अत्यंत 'उनाड' समजल्या जाणाऱ्या वर्गाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. समुद्राच्या लाटेवर फळी टाकावयाची, तिच्यावर उभें राहावयाचें आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यावयाचें, हा ज्यांचा खेळ, ते हे लोक. इंग्रजींत त्यांस सर्फर म्हणतात. या लेखापुरतें आम्ही त्यांस लाटस्वार म्हणूं. हे लाटस्वार निवडणुकीचें पारडें फिरवूं शकतात काय, गांवचें राजकारण त्यांच्या हातून वळतें काय, असा प्रश्न अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत वेळोवेळीं विचारला गेला आहे. वरवर पाहतां प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपणां सर्वांचा आहे. जेथें डोकीं मोजून राज्य चालतें, तेथें थोडक्या लोकांचें म्हणणें ऐकलें जावें कसें, हा तो प्रश्न होय.

खेळाचें मूळ

हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरांतील बेटांचा, आणि त्यांतही हवाई बेटांत तो विशेष भरास आला. तेथें राजे व सरदार, स्त्रिया व पुरुष, सारेच लाटेवर स्वार होत. १८२० पासून त्या बेटांत ख्रिस्ती मिशनरी येऊं लागले, बाहेरून आलेल्या रोगांनीं मूळची लोकवस्ती झपाट्यानें घटली, आणि एकोणिसावें शतक संपतां संपतां हा खेळ जवळजवळ नाहींसा होण्याच्या वाटेस लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं होनोलुलूजवळील वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याचा पुनरुद्धार झाला. या पुनरुद्धाराचा नायक ड्यूक काहानामोकू. १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याच्या शर्यतींत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढें देशोदेशीं फिरून लाटेवरची स्वारी जगाला दाखविली. हाच काहानामोकू पुढें होनोलुलूचा शेरीफ म्हणून एकामागून एक १३ वेळां निवडून आला.

येथें कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच. लाटस्वार निवडणूक जिंकतो हें सिद्ध झालें. परंतु तसें नाहीं. काहानामोकूस मिळालेलीं मतें त्याच्या कीर्तीला व स्वभावाला मिळालेलीं होतीं. मल्लाला, नटाला किंवा कीर्तनकारालाही अशीं मतें मिळूं शकतात. एक नामांकित खेळाडू निवडून येणें वेगळें, आणि खेळणाऱ्यांच्या समूहानें आपल्या किनाऱ्याविषयींचें म्हणणें राज्यकर्त्यांकडून मान्य करून घेणें वेगळें. आमचा विषय हा दुसरा आहे.

मोजणींत थोडे

समूह या दृष्टीनें पाहिलें तर लाटस्वारांची बाजू प्रथमदर्शनीं फारच लंगडी दिसते. एक तर ते संख्येनें थोडे. दुसरें असें कीं, त्यांत तरुणांचा भरणा अधिक, आणि मतदानाच्या दिवशीं तरुण मंडळी घराबाहेर पडण्यास आळस करते, हा सर्व देशांतील अनुभव आहे. तिसरें कारण सर्वांत मोठें. लाट असते एका गांवीं आणि लाटस्वार राहतो दुसऱ्या गांवीं. तो पहांटे मोटारीवर फळी बांधून तीसचाळीस मैल दूर येतो, लाटेवर खेळतो आणि ऑफिसच्या वेळेस परत जातो. ज्या गांवच्या किनाऱ्यावर त्याचा जीव जडलेला, त्या गांवांत त्याचें मत नसतें. आणि जेथें त्याचें मत असतें, तेथें समुद्र नसतो. उमेदवारानें अशा माणसाची पर्वा कां करावी?

तरीही हवाईमध्यें १९६० नंतर एक नवल घडलें. होनोलुलूच्या दक्षिण किनाऱ्यावर भराव टाकून हॉटेलें, धक्के व कृत्रिम किनारे उभारण्याच्या योजना निघाल्या होत्या. भराव पडला म्हणजे समुद्राखालील प्रवाळाचे खडक गाडले जाणार, आणि खडक गाडले कीं त्यावर फुटणारी लाटही गेली. जॉन केली नांवाच्या एका लाटस्वारानें 'सेव्ह अवर सर्फ' ही संघटना उभी केली. तिचे पुष्कळसे कार्यकर्ते शाळाकॉलेजांतील मुलें होतीं. अमेरिकेंत १९७१ पर्यंत मतदानाचें वय सामान्यतः २१ होतें. म्हणजे या मुलांपैकीं कित्येकांस मतच नव्हतें. तीं हातपत्रकें छापीत, घरोघर वाटीत, आणि योजनेच्या सुनावणीस टोळीटोळीनें हजर राहत. त्यांनीं कित्येक योजना थांबविल्या. ज्यांस मत नाहीं त्यांनींही राजकारण वळविलें, हा धडा येथें प्रथम मिळाला.

ट्रेसल्सची लढाई

या धड्याचें सर्वांत मोठें उदाहरण कॅलिफोर्नियांतील आहे. लॉस एंजेल्स व सान डिएगो या दोन शहरांच्या मध्यें सान क्लेमेंटी नांवाचें गांव आहे. गांवाच्या दक्षिणेस एक ओढा समुद्रास मिळतो, आणि त्याच्या मुखाजवळ आगगाडीचा मचाणवजा पूल आहे. अशा पुलास इंग्रजींत ट्रेसल म्हणतात. म्हणून तेथील लाटांस ट्रेसल्स हेंच नांव पडलें. या लाटा इतक्या सुरेख फुटतात याचें कारण त्या ओढ्यांत आहे. सान माटेओ ओढा डोंगरांतून गोटे वाहून आणतो व मुखापाशीं पसरतो. त्या गोट्यांच्या उतारावर लाट एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाक्रमानें मोडत जाते. एकदम कोसळणारी लाट स्वाराच्या उपयोगाची नाहीं. क्रमानें मोडणारी पाहिजे.

ही जागा नौसैनिकांच्या विस्तीर्ण छावणीच्या हद्दींत होती, आणि एके काळीं तेथें चोरून शिरणाऱ्या लाटस्वारांस शिपाई पळवून लावीत. १९७१ मध्यें रोनाल्ड रेगन गव्हर्नर असतांना सान ओनोफ्रे येथें सार्वजनिक उद्यान झालें आणि किनारा लोकांस खुला झाला. पुढें ऑरेंज परगण्यांतील टोलरस्त्यांच्या संस्थेनें नवा रस्ता आंखला. तो सुमारे १६ मैलांचा असून त्याचा शेवटचा भाग या उद्यानांतूनच जाणार होता. २००६ च्या फेब्रुवारींत संस्थेनें हा मार्ग मंजूर केला. रस्त्याच्या पुरस्कर्त्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. जुन्या महामार्गावर मोटारींची कोंडी रोजची होती, आणि कामावर जाणाऱ्या कुटुंबवत्सल माणसाच्या आयुष्यांतील तास त्या कोंडींत वाया जात होते. त्याच्या दृष्टीनें कांहीं पोरांचा खेळ राखण्यासाठीं रस्ता अडविणें हा शुद्ध आडमुठेपणा होता.

आतां लाटस्वारांची अडचण पाहा. टोलरस्त्यांच्या या संस्थेचें संचालक मंडळ परगण्यांतील व शहरांतील निवडून आलेल्या प्रतिनिधींचेंच बनलेलें होतें. म्हणजे स्थानिक निवडणुकींत ज्यांस मतें मिळालीं तेच बहुतांशीं रस्त्याच्या बाजूचे. मतपेटीचा मार्ग येथें बंद होता. पण दुसरा मार्ग खुला होता. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं थेट मतदान करून किनाऱ्याच्या रक्षणासाठीं एक आयोग स्थापन करविला होता, आणि १९७६ च्या कायद्यानें तो कायमचा झाला. किनाऱ्यालगत कांहींही बांधावयाचें तर या आयोगापुढें उघड सुनावणी व्हावी लागते, आणि त्या सुनावणींत कोणाही माणसास उभें राहून बोलतां येतें. त्यासाठीं तो त्या गांवचा मतदार असण्याची अट नाहीं. ज्याचें मत तीस मैल दूर, त्याला येथें तोंड मिळालें.

सर्फरायडर फाउंडेशन ही लाटस्वारांची संस्था १९८४ मध्यें मालिबू येथें निघालेली. तिनें हें काम हातीं घेतलें. पण तिनें एकटीनें तें केलें नाहीं, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. उद्यानांत तंबू ठोकून सुटी घालविणारीं कुटुंबें तिच्या बाजूस आलीं. दुर्मिळ प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या संस्था आल्या. त्या भूमींत ज्यांच्या पूर्वजांचें पानहे नांवाचें पवित्र गांव होतें ते आकाचेमेन जमातीचे मूळ रहिवासी आले. राज्याचे अॅटर्नी जनरलही कोर्टांत गेले. लाटस्वारांनीं आपली लाट पुढें केली खरी, पण ओढ्याचें पाणी, गोट्यांचा प्रवाह, उद्यानाचा दानधर्म आणि पूर्वजांची भूमि या चारहि गोष्टी एका गांठोड्यांत बांधल्या.

६ फेब्रुवारी २००८ रोजीं डेल मार येथील जत्रेच्या मैदानांतील मोठ्या दालनांत आयोगाची सुनावणी झाली. हजारों माणसें लोटलीं. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत भाषणें चाललीं. शेवटीं आयोगानें ८ विरुद्ध २ मतांनीं रस्ता नामंजूर केला. संस्थेनें वॉशिंग्टनास अपील केलें. तेथें जॉर्ज बुश यांचें रिपब्लिकन सरकार होतें, तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्यापार खात्यानें आयोगाचाच निर्णय कायम ठेवला. २०१६ मध्यें कोर्टांतील तंटा तडजोडीनें मिटला, आणि २०२० मध्यें संस्थेनें सान क्लेमेंटीकडे रस्ता वाढविण्याचा नाद सोडला.

या प्रकरणांतील एक घरगुती गंमत सांगण्यासारखी आहे. गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर रस्त्याला अनुकूल झाले होते. राज्याच्या उद्यान आयोगावर प्रसिद्ध नट क्लिंट ईस्टवुड आणि बॉबी श्रायव्हर असे दोन सभासद होते, आणि दोघांनीं रस्त्यास उघड विरोध केला होता. २००८ च्या मार्चमध्यें त्यांची मुदत संपली तेव्हां गव्हर्नरांनीं दोघांचीही पुन्हां नेमणूक केली नाहीं. यांतील श्रायव्हर हे गव्हर्नरांचे सख्खे मेव्हणे! किनाऱ्यावरच्या एका लाटेनें नात्यागोत्यांतही तेढ आणली, हें पाहून आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस आपल्या ओटीवरच्या कांहीं गोष्टी आठवल्यावांचून राहणार नाहींत.

कॉर्नवॉलचें घाण पाणी

इंग्लंडची हकीकत निराळी. तेथें तंटा लाटेच्या आकाराचा नव्हता, पाण्याच्या शुद्धतेचा होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगणा आहे. तेथील सेंट अॅग्नेस या खेड्यांत १९९० मध्यें कांहीं लाटस्वारांनीं एक संघटना काढली. 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज', म्हणजे मैलापाण्याविरुद्ध लाटस्वार, असें तिचें नांव. त्या काळीं गांवोगांवचा मैला नळांतून तसाच समुद्रांत सोडला जाई, आणि त्यांत खेळणाऱ्यांचे कान व पोटें बिघडत. वर्षभर आधीं, १९८९ मध्यें, इंग्लंडांतील पाणीपुरवठा सरकारनें खाजगी कंपन्यांच्या हवालीं केला होता. लाटस्वार अंगांत पोहण्याचा पोशाख, तोंडावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा आणि काखेंत फळी, अशा थाटांत पार्लमेंटच्या दाराशीं जाऊन उभे राहिले. लोक प्रथम हंसले, मग विचार करूं लागले.

पुढील वीस वर्षांत युरोपांतील स्नानजलाच्या नियमांचा रेटा आणि लोकांचा ओरडा या दोहोंमुळें कंपन्यांस मैला शुद्ध करण्याचीं यंत्रें बसवावीं लागलीं. येथें आमच्या गृहिणी वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. हा खर्च अखेर कोणीं सोसला? त्या भागांतील घरवाल्यांनीं. इंग्लंडच्या लोकसंख्येपैकीं अवघे सुमारें ३ टक्के लोक तेथें राहतात, पण देशांतील स्नानयोग्य किनाऱ्यांपैकीं सुमारें ३० टक्के किनारे त्यांच्या वांट्यास आले. त्यामुळें त्यांचीं पाण्याचीं बिलें देशांत सर्वांत चढीं झालीं, इतकीं कीं २०१३ पासून सरकारनें तेथील प्रत्येक घरास बिलांत वर्षाला ५० पौंडांची सूट दिली. शुद्ध समुद्र फुकट मिळत नाहीं, आणि लाटस्वारांनीं लोकांपुढें मांडलेली मागणी शेवटीं गृहिणीच्या हिशेबाच्या वहींत येऊन पडली. अशी मागणी ज्यास टिकवावयाची असेल त्यानें घरवाल्यांस आपल्या बाजूस वळविलेंच पाहिजे.

मैला शुद्ध करण्याचीं यंत्रें आलीं, तरी रोग समूळ गेला नव्हता. जुन्या शहरांत पावसाचें पाणी आणि मैलापाणी एकाच गटारांतून वाहतें. जोराचा पाऊस झाला म्हणजे तें पाणी घरांत उलटूं नये म्हणून समुद्रांत किंवा नदींत सोडून देण्याची मुभा कंपन्यांस असते. मुभा संकटापुरती होती. ती नित्याची झाली. हें लोकांस कळलें कसें? मोजमापामुळें. २०२३ अखेर इंग्लंडांतील अशा सर्व तोंडांवर मापकयंत्रें बसलीं, आणि त्या एका वर्षांत ४,६४,०५६ वेळां, एकूण ३६ लाख तासांहून अधिक काळ, मैलापाणी सोडलें गेल्याचें जाहीर झालें. लाटस्वारांच्या संघटनेनें आधींच कोणत्या किनाऱ्यावर आज घाण आहे याची सूचना लोकांच्या फोनवर देण्याची सोय केली होती. नुसत्या ओरडण्यापेक्षां आंकडा अधिक बोलतो, हें या मंडळींस बरोबर समजलें होतें.

२०२१ च्या ऑक्टोबरांत हा प्रश्न पार्लमेंटांत आला. लॉर्डांच्या सभेंत ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनीं कंपन्यांवर बंधन घालणारी उपसूचना आणली होती. १८०३ मध्यें असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा जो वेलस्ली, त्याचेच हे वंशज. मराठी माणसास त्या घराण्याचें नांव गोड वाटण्याचें कारण नाहीं. पण या वेळीं वंशजानें समशेर उपसली ती मैल्याविरुद्ध! कॉमन्स सभेनें सरकारच्या सांगण्यावरून उपसूचना फेंटाळली. लगेच देशभर असा गिल्ला झाला कीं, आठवडाभराच्या आंत सरकारनें माघार घेतली, आणि मैलापाणी सोडण्याचें प्रमाण क्रमाक्रमानें कमी करण्याचें कर्तव्य कंपन्यांवर कायद्यानें लादण्याचें मान्य केलें.

त्यानंतर ४ जुलै २०२४ रोजीं सार्वत्रिक निवडणूक झाली. कॉर्नवॉलच्या सहाही जागा आधींच्या निवडणुकींत हुजूर पक्षाकडे होत्या. या वेळीं त्यांतील एकही त्या पक्षाकडे राहिली नाहीं. चार मजूर पक्षाकडे व दोन लिबरल डेमोक्रॅटांकडे गेल्या. मग हा लाटस्वारांचा विजय म्हणावयाचा काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्या वर्षी महागाई, इस्पितळांतील खोळंबा आणि चौदा वर्षांच्या राजवटीचा कंटाळा यांनीं सर्व देशभर तो पक्ष कोसळला. पुराच्या पाण्यांत आपली घागर किती होती हें कोणी सांगावें? पण एक गोष्ट निर्विवाद आहे. मैल्यासारख्या विषयावर पूर्वीं सभ्य माणसें सभेंत बोलत नसत; या निवडणुकींत सर्व मोठ्या पक्षांस त्यावर बोलावें लागलें. आणि २०२५ मध्यें झालेल्या नव्या कायद्यानें, तपासांत अडथळा आणणाऱ्या पाणीकंपनीच्या अधिकाऱ्यास तुरुंग दाखविण्याची तरतूद झाली.

ऑस्ट्रेलियांतील दोन मतदारसंघ

हेंच तत्त्व ऑस्ट्रेलियांत अधिक स्पष्ट दिसतें. १८ मे २०१९ च्या निवडणुकींतील दोन मतदारसंघ पाहूं. पहिला सिडनीच्या उत्तरेकडील किनाऱ्याचा वॉरिंगा. मॅनली हा प्रख्यात किनारा त्यांत येतो. तेथेंच १९६४ मध्यें या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली होती. १९९४ पासून तेथील प्रतिनिधि टोनी अॅबट, हे २०१३ ते २०१५ पर्यंत देशाचे पंतप्रधान होते, आणि स्वतः लाटस्वार होते. लाटस्वारांच्या गांवांत लाटस्वार उमेदवार, मग जय ठरलेलाच, असें कोणासही वाटेल. पण हवापाण्याच्या बदलाच्या प्रश्नावर त्यांचें मत मतदारांस रुचलें नाहीं, आणि झाली स्टेगल या अपक्ष बाईंनीं सुमारें ५७ टक्के मतें मिळवून त्यांस पाडलें. गंमत अशी कीं, या बाईही खेळाडूच. पण त्यांचा खेळ बर्फावरून घसरण्याचा! उमेदवाराच्या काखेंत फळी आहे कीं नाहीं हें मतदार पाहत नाहींत. तो बोलतो काय हें पाहतात.

दुसरा मतदारसंघ मेलबर्नच्या नैर्ऋत्येस कोरँगामाइट. टॉर्की हें लाटस्वारांचें गांव व बेल्सचा किनारा त्यांत येतो. हद्दींची फेररचना झाल्यावर तेथें दोन पक्षांतील अंतर कागदावर अवघें ०.०३ टक्के उरलें होतें. त्याच वेळीं नॉर्वेची इक्विनॉर ही तेलकंपनी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील मोठ्या उपसागरांत, दोन किलोमीटरांहून अधिक खोल पाण्यांत, तेलाची विहीर खोदण्याच्या तयारींत होती. गांवोगांव लाटस्वार फळ्या घेऊन समुद्रांत शिरले आणि मोठें रिंगण करून बसले. आपल्यांतील कोणी वारला म्हणजे श्रद्धांजलीसाठीं असें रिंगण करण्याची त्यांची चाल आहे. तीच त्यांनीं निषेधाला लाविली. थेट नॉर्वेच्या राजधानींत जाऊनही त्यांनीं हाच प्रकार केला. कित्येक किनारी नगरपालिकांनीं विरोधाचे ठराव केले.

परिणाम काय झाला? मजूर पक्षानें तेल सांडल्यास काय होईल याच्या स्वतंत्र अभ्यासाचें वचन दिलें. सत्ताधारी पक्षानेंही देशाच्या मुख्य शास्त्रज्ञाकडून तपासणी करविण्याचें वचन दिलें. कोरँगामाइटची जागा मजूर पक्षानें सुमारें ५१ टक्क्यांनीं जिंकली, पण देशांत सरकार जुनेंच आलें. २०१९ च्या डिसेंबरांत कंपनीस परवानगीही मिळाली. आणि २५ फेब्रुवारी २०२० रोजीं कंपनीनें, ही विहीर व्यापारी दृष्टीनें परवडणारी नाहीं असें सांगून, बेत सोडून दिला. लोकांच्या विरोधाचा उल्लेख तिनें केला नाहीं. परंतु विरोध हाही खर्चाचाच एक भाग असतो, हें कोणा व्यापाऱ्यास शिकवावें लागत नाहीं.

मर्यादा

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही या लोकांचे भाट झालों. म्हणून दुसरी बाजूही सांगतों. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकास, मेक्सिकोच्या सीमेला लागून, इंपीरियल बीच हें छोटें शहर आहे. सीमेपलीकडील तिहुआना शहराचा मैला नदीवाटे तेथें येतो. १९८० मध्यें ब्रायन बिलब्रे हे तेथील तरुण नगराध्यक्ष स्वतः माती ओढण्याच्या यंत्रावर बसले आणि नदींत बांध घालण्यास निघाले. हे गृहस्थ लाटस्वार. पुढें ते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिसभेंत गेले, आणि २००० सालीं किनाऱ्यावरील पाण्याची तपासणी करण्याविषयींचा कायदा त्यांच्या पुढाकारानें झाला. २०१४ मध्यें सर्ज डेडिना हे दुसरे लाटस्वार नगराध्यक्ष झाले व २०२२ पर्यंत त्या जागीं राहिले. इतकें असूनही २०२१ च्या अखेरीपासून तेथील किनारा सलग हजार दिवसांहून अधिक काळ बंद राहिला. नगराध्यक्षाची खुर्ची मिळाली, कायदा मिळाला, पण घाण परराज्यांतून येत होती, आणि तिला अडविण्याची सत्ता गांवाच्या कचेरींत नव्हती. गांवच्या राजकारणाचा हात गांवच्या वेशीपर्यंतच पोंचतो.

दुसरा दोष त्यांच्या स्वभावांतला. कांहीं ठिकाणीं लाटस्वार लाटेस आपली वडिलोपार्जित मालमत्ता समजतात. लॉस एंजेल्सजवळील श्रीमंत वस्तीच्या लुनाडा बे येथें स्थानिक टोळकें परक्या माणसास दमदाटी करून हांकलून देई. त्यांनीं किनाऱ्यावर स्वतःसाठीं दगडांचा किल्लाही बांधला होता. तो २०१६ मध्यें पाडण्यांत आला. सार्वजनिक किनाऱ्यासाठीं लढणारे आणि सार्वजनिक किनारा बळकावणारे एकाच खेळाचे लोक असूं शकतात. 'माझी लाट' म्हणणाऱ्याच्या मागें कोणी जात नाहीं; 'आपला समुद्र' म्हणणाऱ्याच्या मागें लोक उभे राहतात.

आपण काय घ्यावें

तर मग लाटस्वार निवडणूक फिरवितात काय? आमचें उत्तर असें. कोण निवडून यावा हें त्यांच्या हातीं बहुधा नसतें. पण निवडून येऊं पाहणाऱ्यानें कशावर बोलावें, हें पुष्कळ वेळां त्यांच्या हातीं असतें. आणि निवडणूक व निवडणूक यांच्या मधल्या चारपांच वर्षांत, ज्या कंटाळवाण्या सुनावण्यांस कोणी जात नाहीं, तेथें जो जातो त्याचें वजन त्याच्या संख्येच्या कितीतरी पट भरतें. लाटस्वारांस हें साधलें याचें कारण त्यांचा तो 'उनाडपणा'च आहे. जो रोज पहांटे त्याच पाण्यांत उतरतो त्याला पाणी कधीं गढूळ झालें, वाळू कोठें सरकली, नळ कधीं उघडला, हें कोणा अधिकाऱ्याच्या आधीं कळतें. लाटेची वाट पाहत तासन्‌तास बसण्याची संवय असलेल्यास सुनावणीच्या दालनांत दिवसभर बसणें जड जात नाहीं.

आपल्या देशांतही ही वाट बंद नाहीं. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणें अनेक मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस आधीं तिची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते. आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधि अध्यक्षस्थानीं असतो. प्रकल्पानें ज्याचें आयुष्य बदलणार त्याला तेथें बोलतां येतें. वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक टाइपांत येणारी ती जाहिरात आपल्यापैकीं किती घरांत वाचली जाते, याचा जाब ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा. नदीच्या घाटावर रोज जाणारी आजी, टेकडीवर रोज फिरावयास जाणारे आजोबा, आणि विहिरीवर पोहणारा तो ओल्या केसांचा मुलगा, यांच्याइतकी त्या जागेची माहिती कोणत्या कचेरींत आहे?

तेव्हां उद्यां तो मुलगा उशिरा येऊन पानावर बसला, तर 'कोठें उनाडक्या करीत होतास' या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न त्यास जरूर विचारावा: 'आज पाणी कसें होतें?' आणि त्याचें उत्तर मन लावून ऐकावें.